माझ्यातली तपकिरी चरबी

परवा सुट्टी टाकून एमआरआय काढून आलो... आजारी नाही, स्वखुशीने!

आमच्या घरात शुगर वाटणीला आल्यासारखी येते. वडिलांची नजर तिनेच नेली, आणि माझा रिपोर्टही आता काठावर आहे. म्हणून पुण्यातल्या एका संशोधनाला माणसं हवीत असं कळल्यावर लगेच नाव दिलं.

अभ्यास तपकिरी चरबीचा. पोटावरची चरबी नुसती साठून बसते, ही मात्र थंडीत साखर आणि चरबी जाळून अंगाला ऊब देते म्हणे. बाळांमध्ये भरपूर असते, मोठेपणी कुणाकुणात थोडी उरते... ती माझ्यात आहे का, ते बघायचं होतं.

आत जाण्याआधी टेक्निशियन ताईंनी विचारलं, डोळ्याला कधी धातूची इजा झालीय का? मी छातीठोकपणे नाही म्हणालो. मग त्यांनी काम विचारलं. निघोजेच्या कारखान्यात ग्राइंडिंगवर, लोखंड घासायच्या कामावर आहे म्हटल्यावर त्या थांबल्याच. "डोळ्यात कधीच कण गेला नाही?"

"जातो की! रुमालाच्या टोकाने काढतो आम्ही एकमेकांचा."

आता त्याला इजा कोण म्हणतं राव... पण आत राहिलेला बारीक कण मशीनच्या चुंबकाने हलला तर डोळाच जायचा, असं त्यांनी सांगितलं. आधी एक्स-रे, आणि त्यात काही दिसलं तर सरळ घरी. तेवढा वेळ बाकावर नुसता पाय हलवत बसलो.

एक्स-रे स्वच्छ निघाला! मग गार पाण्याचं जॅकेट घालून बसवलं, आणि नंतर त्या ठोकाठोकीच्या मशीनमध्ये. आमच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपपुढे तो आवाज काहीच नाही.

शेवटी डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर मानेखाली, कॉलरबोनजवळ एक पट्टा दाखवला. "ही बघा, आहे तुमच्यात. थंडीत कामालाही लागलीये." यावरून औषध निघायला अजून वेळ आहे, पथ्य सोडू नका, हेही बजावलं.

मोशीला घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. त्यांना फोटो कसा दाखवणार... त्यांचा हात धरून माझ्या गळ्याखाली ठेवला.

"हितं हाय व्हय रं?" बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. "मग शोधू दे त्यांला. माझं डोळं गेलं, तुझं तरी ऱ्हाऊ दे."

पुढच्या स्कॅनलाही येतो म्हणून कळवून टाकलंय. दुसऱ्यांदा विचारणाऱ्या त्या ताईंचे आभार तिथे गडबडीत राहिले, ते इथे मानतो.