रिंग दहा फुटांवरच होती

“पुन्हा लाव,” मी म्हणालो.

दिनेशनं स्टाफ पुन्हा उलटा करून बास्केटबॉलच्या रिंगला टेकवला. सहा फूट पाच इंचांचा माणूस, त्याला शिडी लागली नाही. मी लेव्हलच्या भिंगातून पाहिलं. आकडा तोच. वहीतला आकडा खोडून मी तोच पुन्हा लिहिला आणि वही मिटली. दहा पावलांवर आबासर खुर्ची टाकून बसले होते. हे त्यांना कसं सांगायचं, ते मला कळत नव्हतं.

लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवलेली छोटी दुर्बीण. तिची नजर कायम सरळ आडवी. स्टाफ म्हणजे आकडे छापलेली लांब उभी पट्टी. नजरेखाली जमीन किती आहे ते पट्टी सुलटी धरून वाचायचं, नजरेच्या वर काही असेल तर पट्टी उलटी धरायची. दोन्हींची बेरीज केली की उंची मिळते. बांधकाम खात्यात चौतीस वर्षं मी रस्त्यांवर आणि मोऱ्यांवर हेच करत आलो. रिटायर होऊन जळगावात घर केलं, तरी लेव्हल मी विकली नाही. बायको तिला अडगळ म्हणते.

आबासरांचा फोन आला होता तो वेगळ्याच कामासाठी. साक्री तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते पीटीचे सर. वय आता एकोणऐंशी, पण सकाळी ग्राउंडवर यायचं सोडलेलं नाही. माजी विद्यार्थ्यांनी मुरमाच्या जुन्या बास्केटबॉल कोर्टावर काँक्रीट करायचं मनावर घेतलं होतं. “सुरेश, एस्टिमेट तू करून दे,” सर म्हणाले, “बाहेरच्या माणसाला आपलं ग्राउंड कळायचं नाही.” सरांना नाही म्हणायची मला शाळेपासून सवय नाही. एसटीत लेव्हलची पेटी मांडीवर घेऊन मी धुळ्यावरून साक्रीला पोचलो.

काँक्रीट घातलं की जमीन वर येते. म्हणजे रिंगही तेवढीच वर न्यावी लागणार. म्हणून आधी रिंगची उंची घ्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नियमानं रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते, तीन मीटर पाच सेंटीमीटर.

ग्राउंडवर दिनेश एकटाच बॉल टाकत होता. साक्रीच्या वर डोंगरातल्या गावचा हा पोरगा. घरी कोरडवाहू नागली-भात, शिक्षण आमच्या शाळेच्या वसतिगृहात. खेळाच्या जोरावर त्याला सरकारी खात्याच्या संघात नोकरी लागली, आणि आता चोविसाव्या वर्षी भारताच्या पुरुष संघाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव आलं होतं. आशियातल्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळवायला आधी पात्रता स्पर्धा खेळावी लागते, तिच्यासाठीची ही यादी. नावं चोवीस, जाणार बारा. आमच्या बाजूचा कोणी तिथवर पोचला नव्हता.

पण पोरगा हसत नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, “बठ्ठा बॉल मांगली कडीले लागतस, भाऊ.”

म्हणजे सगळे बॉल रिंगच्या मागच्या कडेवर आदळतात. पण आत्ता माझ्यासमोर तर दहातले आठ जात होते. “इथं जातस,” तो म्हणाला, “कॅम्पमा नही जातस.”

हकिकत अशी. वर्षापूर्वी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर आठ महिने तो इकडेच होता आणि रोज सकाळ-संध्याकाळ याच कोर्टावर सराव करत होता. उडी मारली की जाणवायचं, हात पूर्वीइतका रिंगच्या वर जात नाही. गुडघा गेला, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. मग पहिल्या कॅम्पला गेला. तिथं डॉक्टर म्हणाले, गुडघा ठणठणीत आहे, उडी उत्तम आहे. पण लांबचा एकही बॉल आत जाईना. हाच तर त्याचा खेळ, तीन गुणांचे लांबून मारलेले बॉल. कोच म्हणाले, दुसऱ्या कॅम्पलाही असंच असेल तर घरी जा. तो कॅम्प आता अठरा दिवसांवर आला होता.

“मन्हा गुडघाच पयलासारखा नही ऱ्हायना,” दिनेश म्हणाला. नोकरीवर परत रुजू होऊन खेळ सोडायचं त्याच्या मनात होतं. सरांना त्यानं हे सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. अनोळखी माणसाला सांगायला सोपं जातं.

मला त्याचं वाईट वाटलं, आणि का ते सांगतो. अकरावीत असताना जिल्ह्याच्या संघातून माझी निवड विभागीय चाचणीसाठी झाली होती. चाचणी जळगावला होती. सगळ्यांदेखत दहा बॉल टाकायचे होते. माझे दोन गेले. आमच्या कोर्टावर डोळे मिटून सात टाकणारा मी, तिथं दोन! सर मला एसटीतून परत घेऊन आले आणि रस्ताभर काही बोलले नाहीत. पुढं मी डिप्लोमाला गेलो, लेव्हल हातात आली, संसार झाला. पण त्या दिवशी काय बिघडलं, ते मला कधीच उमगलं नाही. बायकोला मी “तिकडचा बोर्ड वेगळा होता” असं सांगतो. ती मान हलवते.

तर दिनेशलाच मी स्टाफ धरायला लावला आणि रिडिंग घेतलं. रिंगच्या बरोबर खाली उंची निघाली तीन मीटर सोळा. तो जिथून नेहमी बॉल टाकतो त्या कोपऱ्यावर आणखी दोन सेंटीमीटर जास्त. तिथून पावसाचं पाणी निघून जातं, म्हणून. एकूण तेरा सेंटीमीटर, पाच इंच.

रिंग पाच इंच उंच होती.

आठ महिने हा पोरगा पाच इंच उंच रिंगवर बॉल टाकत होता. हाताला तीच सवय लागली. तो कॅम्पला गेला, तिथं रिंग खरी, बॉल लांब जाणारच. आणि इथं उडी मारली की रिंग लांब, म्हणून गुडघ्यावर खापर. मी मनातल्या मनात गणित पुन्हा केलं. मग, खरं सांगतो, माझ्या मनात लाडू फुटले. जळगावचे माझे आठ बॉल! तेही लांबच गेले असणार. चाळीस वर्षांनी मला माझा गुन्हेगार सापडला होता.

पण आधी सरांना सांगायचं होतं.

“सर, रिंग उंच झालीय.”

“रिंग दहा फुटांवर आहे,” सर म्हणाले. “खांब रोवले तेव्हा मी स्वतः मोजलीय. टेपचं खालचं टोक कोणी धरलं होतं?”

“मीच.”

“मग?”

“रिंग हलली नाही सर. जमीन खाली गेली.”

मी त्यांना खांबापाशी नेलं. खांबाच्या बुडाशी काँक्रीटचा ओटा आहे, वीतभर नाही पण चार बोटं तरी वर आलेला. पोरं त्यावर बसून बुटाची नाडी बांधतात. तो कोणी बसायला बांधलेला नव्हता. ते खांबाचं फुटिंग, म्हणजे जमिनीत पुरलेला पाया. पुरला तेव्हा तो जमिनीबरोबर होता.

“माती गेली कुठे?” सरांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांनाच उत्तर सापडलं. ते कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीच्या कडेनं माती गुडघाभर साचलेली, तिच्यावर निंब उगवलेले.

सरांचा एक नियम होता, आजही आहे. ज्याला खेळायचं त्यानं आधी झाडायचं. सकाळी सहाला आम्ही दोन-दोन पोरं खराटा घेऊन कोर्टाच्या मध्यापासून कडेपर्यंत झाडत जायचो, मागून दोघं झारीनं पाणी मारायचे. खडा दिसला तर सर बॉल कपाटातून काढायचे नाहीत. ओल्या मुरमाचा तो वास, खराट्याच्या रेघा, आणि त्या रेघांवर पडलेला बॉलचा पहिला ठसा, तो कोणाचा पडतो यावरून होणारी भांडणं. आयुष्यात मी पुष्कळ ग्राउंडं पाहिली, इतकं स्वच्छ पाहिलं नाही. त्या स्वच्छतेनंच रोज केसभर जमीन नेली. कित्येक वर्षांत पोरांच्या कित्येक पिढ्यांनी पाच इंच झाडून भिंतीला लावले होते.

सर खुर्चीवर येऊन बसले. त्यांच्या तोंडून घरची भाषा निघाली. “मंग मी काय खोटं मोजेल व्हतं का?”

“नाही सर. तुम्ही बरोबरच मोजलं होतं. पुन्हा मोजलं नाही, एवढंच.”

हे मी त्यांना बोलायला नको होतं. एस्टिमेटची भाषा तोंडात बसली की माणूस असं बोलून जातो. सरांचे डोळे भरले. “या पोराचं नुकसान मी केलं,” ते म्हणाले.

दिनेश पुढं आला आणि त्यांच्या पायाशी मुरमावर बसला. “सर, गुडघा चांगला शे ना मन्हा,” तो म्हणाला. “मी त सोडी देणार व्हतू. आते समजनं.” तो हसत होता.

अठरा दिवसांत काँक्रीट होऊन वाळणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, रिंग खाली घेऊ. सर कबूल होईनात. बोर्ड दोनदा बदलला होता, पण दोन्ही वेळा जुन्याच भोकांत बसवला होता. ती भोकं त्यांच्या हातची. “रिंग खाली आणायची म्हणजे खेळ सोपा करायचा,” ते म्हणाले.

“सोपा नाही सर, खरा करायचा.”

शेवटी गावातल्या वेल्डरला बोलावलं. त्यानं पाच इंच खाली नवी भोकं पाडली, बोर्ड उतरवून पुन्हा चढवला. दुपारभराचं काम. मापाला मी लेव्हल लावणार होतो, पण सरांनी कपाटातून त्यांची जुनी कापडी टेप आणली. वरचं टोक मी धरलं. या वेळी खालचं टोक सर धरून उकिडवे बसले होते, रिंगच्या बरोबर खाली, दिनेशच्या जागेच्या पातळीइतकं दोन सेंटीमीटर उकरून. “दहा,” ते म्हणाले. “लिही.”

पहिल्या दिवशी दिनेशचे वीसपैकी पंधरा बॉल मागच्या कडेवर आदळले. सर मोजत होते आणि प्रत्येक चुकलेल्या बॉलला त्यांचा चेहरा उजळत होता. पंधरा दिवसांनी दिनेश दुसऱ्या कॅम्पला गेला.

तो बारावा निवडला गेला. पात्रता स्पर्धेचे सामने आम्ही शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर पाहिले. पहिल्या सामन्यात तो बाकावरच होता. दुसऱ्यात शेवटची काही मिनिटं त्याला उतरवलं. त्यानं डाव्या कोपऱ्यातून दोन बॉल मारले. पहिला गेला, जाळीशिवाय कशालाही न शिवता. दुसरा कडेला लागून बाहेर आला. आपण तो सामना हरलो आणि पात्रही ठरलो नाही. हॉलमध्ये तरी पोरं नाचत होती.

पुढच्या उन्हाळ्यात काँक्रीट झालं. पाच इंच जाडीचं मीच सुचवलं होतं. बोर्ड परत सरांच्या जुन्या भोकांत गेला. ओटा पुन्हा जमिनीत नाहीसा झाला.

काम संपलं त्या दिवशी चहा पिता पिता मी धीर करून सरांना म्हणालो, “जळगावच्या चाचणीत माझंही तेच झालं असणार, नाही का? आपली रिंग उंच, म्हणून माझे बॉल लांब गेले.”

सरांनी कप खाली ठेवला. “तेव्हा ग्राउंडला दोन वर्षं झाली होती. तू खांबाला पाठ लावून खाली मुरमावर बसायचास. चड्डी लाल करून घरी गेलास की तुझी आई मला बोलायची. ओटा होता का तेव्हा?”

नव्हता. मला आठवलं. दोन वर्षांत जमीन एक सेंटीमीटरसुद्धा गेली नसेल, हे गणित मला यायला हवं होतं. चौतीस वर्षं तेच तर केलं.

“आणि लांब कोठे गयात तुन्हा बॉल?” सर म्हणाले. “मी तिथंच उभा व्हतू. बठ्ठा आखूड पडनात.”

एसटीत पेटी मांडीवर घेऊन मी जळगावला परत आलो. कोणाला दोष द्यायच्या आधी मोजून घ्यावं, हे मी हाताखालच्या पोरांना आयुष्यभर सांगत आलो. मोजल्यावर तो दोष आपल्याकडेही येऊ शकतो, हे सांगायचं राहून गेलं होतं.

बायकोनं दार उघडलं. मी तिला म्हणालो, जळगावचा बोर्ड वेगळा नव्हता. तिनं मान हलवली आणि पेटी अडगळीत ठेवायला घेऊन गेली.