चार तारीख

माझ्या दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या आहेत. त्या माझ्या नोकरीइतक्याच जुन्या. बुलढाणा जिल्ह्यात, उंद्रीच्या पलीकडच्या एका खेड्यात मी अठरा वर्षं शिकवते आहे, आणि या अठरा वर्षांत ओरडण्यापेक्षा नुसतं पाहूनच मी जास्त कामं केली. गृहपाठ न केलेलं पोर समोर आलं की मी काही बोलायची नाही, कपाळाला आठ्या घालून पाहत राहायची. पोर आपोआप खरं सांगून टाकायचं. या गोष्टीचा मला अभिमान होता. आज तो कागदावर उतरवतानाही लाज वाटते.

मागच्या जुलैत शाळेच्या मागच्या भिंतीवर कोणीतरी खडूनं चित्र काढलं. एक गोल, वर अंबाडा आणि कपाळावर दोन उभ्या रेघा. नाक नाही, डोळे नाहीत, खाली नावही नाही. तरी पहिलीपासून सातवीपर्यंत कोणालाच विचारावं लागलं नाही की ह्या कोण. हेडमास्तर हसले. मीही हसले, चित्रकाराचा हात चांगला आहे म्हणून मोठेपणाही दाखवला. मग चिखलीला घरी आले, बाथरूमची कडी लावली आणि आरशासमोर अर्धा तास उभी राहिले. एक्केचाळीस वर्षांची बाई, मुलगी दहावीला, आणि आरशासमोर आठ्या बोटांनी ताणून बघतेय. नवऱ्यानं बाहेरून विचारलं, "काय झालं वं? पाय घसरला का?"

पुण्याच्या माझ्या बहिणीनं कपाळाला सुरकुत्यांची इंजेक्शनं घेतली होती. तीन-चार महिने कपाळ इस्त्री केल्यासारखं राहतं, म्हणाली. तसलं काही आपल्याकडे कुठलं मिळायला, असं मला वाटत होतं. चौकशी केली तर बुलढाण्याला मिळत होतं. घरी कोणाला सांगितलं नाही. सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळची शाळा आटोपली, केंद्रावर शिक्षकांची मीटिंग आहे म्हणून घरी फोन केला आणि बुलढाण्याच्या बसमध्ये बसले. मीटिंगची थाप ही त्या दिवशीची पहिली.

दुसरी थाप दवाखान्याच्या दारातच मारावी लागली. आतून पांढरा कोट घातलेली एक मुलगी आली आणि सरळ माझ्या पायाशी वाकली. "बाई, तुम्ही? मले ओळखलं का?"

ओळखलं तर. माझ्या सातवीच्या वर्गातली. ती बारा-तेरा वर्षांची असताना भूगोलाच्या तासाला बाकावरून उठेना. मी जवळ गेले तर रडत होती. माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळून मी स्वतः तिला घरी पोचवलं होतं आणि वाटेत भाषण दिलं होतं. यात लाजायचं काहीएक नाही. शरीराची गोष्ट आहे, ती नीट माहीत पाहिजे. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवायची, डॉक्टरनं विचारली तर मान वर करून सांगायची. हेच भाषण मी दरवर्षी सहावी-सातवीच्या मुलींना देते. तालुक्याला माझा त्यासाठी सत्कारही झालेला आहे.

"डोकं फार दुखतं गं हल्ली," मी तिला म्हणाले. "म्हणून आले."

तिच्या हातात माझी फाईल होती. मी कशाला आले ते फोनवर नाव नोंदवतानाच त्यात लिहिलं गेलं होतं. तिनं फाईल मिटली आणि म्हणाली, "हाव बाई, डोकेदुखीवर पण देतात हे." इतकी समज मी तिला शिकवलेली नव्हती.

मग ती फॉर्म भरायला बसली. बीपी, शुगर, ॲलर्जी, आधीचं काही ऑपरेशन. शेवटी पेन थांबवून तिनं हळूच विचारलं, "बाई, शेवटची पाळी कधी आलती?"

खरं उत्तर होतं, सहा आठवडे झाले. मला तेव्हा काय वाटत होतं तेही सांगून टाकते. मला वाटत होतं, संपत आली. माझ्या आईची लवकर गेली होती, तशी माझीही जायला लागली. गरोदरपणाचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. दहावीच्या मुलीच्या आईला तसले विचार शिवत नाहीत. पण या मुलीसमोर 'सहा आठवडे' म्हणायचं म्हणजे बाई म्हातारी झाली हे आपल्या तोंडानं कबूल करायचं. वय झाकायला तर मी आले होते. शिवाय तिची आई गावातलीच. ही घरी सांगेल आणि सोमवारपर्यंत नळावर पोचेल.

"मागच्या आठवड्यात," मी म्हणाले.

"तारीख सांगता का? लिहाची असते. महिन्याच्या वर झालं असलं का आम्ही आधी लघवीची तपासणी करतो. दिवस असले तर हे इंजेक्शन देत नाहीत."

तिनं इतकं सरळ, इतकं नीट सांगितलं. तिथे मला थांबता आलं असतं. मी काय केलं, तर तिच्याकडे पाहिलं. अठरा वर्षं पाहते तसं, आठ्या घालून. आणि म्हणाले, "चार तारीख. लिही."

तिनं मान खाली घातली आणि लिहिलं. डॉक्टर मॅडमनी फॉर्मवर नजर टाकली आणि पुढे काही विचारलं नाही. इंजेक्शनं मुंगी चावल्यासारखी लागली, दहा मिनिटांत मोकळी. पंधरा दिवसांत कपाळ असं गुळगुळीत झालं की हेडमास्तरांनी मला तब्येत सुधारल्याबद्दल शुभेच्छा दिल्या.

आणखी आठवडाभरानं शाळेत खिचडीचं झाकण उघडलं आणि माझ्या पोटात ढवळून आलं. मसाल्याचा तो वास मी रोज घेत होते, त्या दिवशी मात्र हातपंपापर्यंत पळावं लागलं. संध्याकाळी औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणली. दोन रेघा आल्या.

चिखलीच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीण बाईंनी सोनोग्राफी केली. नऊ आठवडे. त्यांनी सवयीनं विचारलं, "मधे काही औषध, इंजेक्शन?" शेजारी नवरा बसलेला. तो माझ्याआधीच म्हणाला, "नाही मॅडम, काही नाही." त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. मी पदर तोंडाला लावून इंजेक्शनांचं सांगितलं. नवऱ्यानं एकदाच माझ्या कपाळाकडे पाहिलं. "मले सांगतलं असतं तर मी काय नाही म्हणलो असतो का?" एवढंच बोलला. याच्यापेक्षा तो भांडला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरीण बाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका. हे औषध थोडं असतं आणि जिथे टोचलं तिथेच राहतं. चुकून घेतलं गेलं म्हणून बाळाला काही झालं असं सहसा आढळत नाही. पण गरोदर बायांवर मुद्दाम कोणी तपासून पाहिलेलं नाही, म्हणून आम्ही देत नाही. मूल हवं असेल तर काही महिने आधीच हे बंद करायचं, आणि नंतर अंगावरचं दूध सुटेपर्यंत नाव काढायचं नाही. किती दिलं तेवढं लिहून आणा." मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "पण त्यांनी तपासणी न करता दिलं कसं?"

मी म्हणाले, "किती दिलं ते विचारायला एक चिठ्ठी लिहून द्या."

चिठ्ठी घेऊन मी बुलढाण्याला गेले. स्किनच्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी वाचली, माझा फॉर्म काढला, बोटांवर आठवडे मोजले. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी त्या मुलीला आत बोलावलं. बाहेर चार पेशंट बसलेले, दार उघडंच.

"ही तारीख कुणी लिहिली?"

"मी, मॅडम."

"पाच आठवड्यांचा फरक आहे. पेशंटला नीट विचारलं होतंस?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात पाहायची तसं, आधी कपाळाकडे. तिथे काहीच नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलंही. पण बाहेरच्या बाकावरून एक बाई मान वाकवून आत बघत होती, आणि मला वाटलं, आत्ता नको, नंतर फोनवर सांगू.

"माझीच ऐकण्यात चूक झाली असन मॅडम," ती म्हणाली. "बाईंनी बरोबरच सांगतलं असन."

मी तिची बाई होते. मी खुर्चीत बसून होते. मॅडम तिला म्हणाल्या, उद्यापासून तू पेशंटपाशी बसायचं नाही, फोन उचलायचे. तिनं मान हलवली आणि ट्रे उचलून गेली. जाताना मला म्हणाली, "बाई, तब्येत सांभाळा." आणि मी म्हणाले, "हो गं."

फोन मी केला नाही. आज करू, उद्या करू, असं चाललं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चांगली आली. बाळाचं हृदय, पाठीचा कणा, ओठ, सगळं ठीक. रडून झाल्यावर पहिला विचार काय आला, तर बाळ ठीक आहे म्हणजे आता सांगायची तशी गरज नाही. आपलं मन इतक्या हलक्या दर्जाचं आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्यापुढे सुरकुत्या म्हणजे काहीच नव्हत्या.

जानेवारीत दोन्ही आठ्या परत दिसू लागल्या. त्याच महिन्यात मुलींच्या मेळाव्याचं पत्र आलं, वक्ता म्हणून माझं नाव. मी फळ्यासमोर उभी राहिले, सहा महिन्यांचं पोट घेऊन, आणि सवयीचं वाक्य सुरू केलं, यात लाजायचं काहीएक नाही. पुढचं येईना. मुली वाट पाहत बसल्या. दुसऱ्या बाईंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि उरलेलं भाषण त्यांनीच पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बुलढाण्याची बस धरली. या वेळी घरी खरं कारण सांगितलं. नवरा बस-स्टँडवर सोडायला आला.

दवाखान्यात गर्दी होती. मुलगी काऊंटरमागे कानाला फोन लावून बसली होती. मी तिच्याशी न बोलता मॅडमच्या दारात गेले आणि तिथूनच, मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आवाज वर्गातलाच निघाला, दुसरा मला येत नाही. "मॅडम, तारीख मी खोटी सांगितली होती. तिनं दोनदा विचारलं, लघवीच्या तपासणीचंही सांगितलं. तिची काही चूक नव्हती."

मॅडम माझ्या पोटाकडे पाहत राहिल्या. "एवढे दिवस?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मुलीला हाक मारून त्यांनी उद्यापासून परत आतलं काम बघायला सांगितलं.

ती मला स्टँडपर्यंत पोचवायला आली. माझी पिशवी तिनंच घेतली. चिखलीची गाडी लागलेली नव्हती. बाकावर बसल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी तू सांगितलं काऊन नाही? माझ्या तोंडावर सांगायचं होतं की बाई खोटं बोलल्या."

"तुम्ही चार तारीख म्हणल्या तवाच मले समजलं होतं," ती म्हणाली.

"कसं काय?"

"तुम्ही लई लवकर बोलल्या. आमी गृहपाठ घरी राह्यला म्हणत होतो तसं. तुम्ही लगेच पकडत होत्या आमाले."

"मग मला का नाही पकडलं?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "मी पुन्हा विचारनारच होते बाई. पण तुम्ही पाह्यलं ना माझ्याकडं."

गाडी आली. तिनं आत चढून माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरली, पिशवी मांडीवर दिली आणि खाली उतरली. खिडकीतून मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कोणत्या चेहऱ्यानं पाहिलं असतं, मला ठाऊक नव्हतं.