अगत्ती ते लेह

विमानात कधीच न बसलेल्याने विमानाविषयी लिहावं का, हे मला कळत नाही. चुकलं तर पोटात घाला. माझा वसतिगृहातला जोडीदार महेश हवामान केंद्रावर नोकरीला लागला. परीक्षा आम्ही दोघांनी दिली होती. आता लक्षद्वीपमधल्या अगत्तीहून लेहला त्याची बदली झाली, म्हणून मी नेटवर अंतर पाहिलं. सरळ रेषेत सव्वीसशे किलोमीटर, वेळ साडेतीन तास. पण असं थेट विमानच नाही.

"लेका, तीन विमानं बदलायची. नुसता वैताग!" तो फोनवर म्हणाला.

"हो रे, हालच तुझे," मी म्हणालो आणि आतून जळत राहिलो. मला त्या तीनदा चढण्या-उतरण्याचाच हेवा वाटत होता. खाली समुद्र, मग ढग, मग बर्फ. काही लोकांच्या तक्रारीसुद्धा आपल्या स्वप्नांपेक्षा मोठ्या असतात.

आमच्याकडे एसटीने तालुक्याला गेलेला माणूसही पोचल्याचं कळवतो. महेशलाही मी तसं बजावलं होतं. दोन दिवसांनी निरोप आला : "पोचलो. तिन्ही वेळा खिडकी मिळाली. भीतीने डोळे उघडलेच नाहीत."