दोघांचा एकच अर्ज

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा मी मंगळवार पेठेत आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी परत आले. भांडून आले नव्हते. नवरा कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होता, मी कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. कागलच्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी ते भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि मी वह्या तपासत बसायचे. दिवाळीला माहेरी आले ती राहिलेच. न्यायला येतो असं ते म्हणाले नाहीत, या असं मीही म्हटलं नाही. असं करता करता पुढची दिवाळीही मागं पडली.

मग आप्पांनी ओळखीच्या एका वकिलांना घरी बोलावलं. चहाचा कप खाली ठेवत वकील म्हणाले, "छळाचा दावा टाकू. मारहाण, जाच, सगळं घालू आत. मग कसे सुतासारखे सरळ येतात बघा."

"पण त्यांनी मला कधी मारलं नाही."

"नसेना का. लिहायला काय जातंय?"

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या बूथवरून कारखान्यात फोन लावला. म्हटलं, "मला तुमच्यावर खोटंनाटं लिहायचं नाही. घटस्फोटासाठी दोघांनी मिळून अर्ज करता येतो म्हणे. वकील लागतोच असंही नाही." पलीकडं बराच वेळ मशीनचा आवाज तेवढा येत होता. मग ते म्हणाले, "रविवारी येतो."

आले ते हिंदू विवाह कायद्याचं मराठी पुस्तक विकत घेऊनच. आम्ही वाचनालयाच्या ओट्यावर बसलो. ते बोट ठेवून वाचायला लागले. "वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे. ते हाय. एकत्र नांदणं शक्य नाही, यावर दोघांचं एकमत पाहिजे." वाचता वाचता थांबले. "हाय न्हवं एकमत?"

"हाय," मी म्हटलं, आणि दोघांनाही हसू आलं. लग्न झाल्यापासून आम्ही एकत्र इतका वेळ कधी बोललो नव्हतो. माझं शिलाई मशीन, त्यांच्या घरचे दागिने, कुणाचं काय ते अर्ध्या तासात ठरलं.

अर्ज कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून टाइप करून घेतला. कोर्ट फीचे स्टॅम्प लावले, लग्नाचा फोटो आणि पत्रिका जोडली. खिडकीवरच्या कारकुनानं तो चाळून परत सरकवला. "शपथपत्र एकाचंच हाय. दोघांचं पाहिजे. आणि वकील कुठं हाय तुमचा?"

"वकील नाही. आम्हीच आहोत."

त्यानं चष्म्यावरून आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "नवरा-बायको मिळून आलाय आणि सोडचिठ्ठी मागताय व्हय?" मागच्या रांगेतली माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र शांतपणे म्हणाले, "व्हय. दुसरं शपथपत्र उद्या आणतो."

पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी मजकूर आम्हाला मान्य आहे का एवढं विचारलं आणि सहा महिन्यांनंतरची तारीख दिली. ही मुदत विचार बदलायला असते. तोवर दोघांपैकी कुणीही मागं फिरू शकतं.

ते सहा महिने घरात अवघड गेले. आप्पा जेवताना माझ्याशी बोलत नव्हते. आणि तारखेच्या दिवशी पट्टेवाल्यानं आमची नावं पुकारली, तेव्हा मी एकटीच उभी राहिले. ते आलेच नव्हते. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. कारखान्यात फोन केला तर कळलं, साहेब रजेवर, गावी आजऱ्याला गेलेत.

रविवारी एसटीनं आजऱ्याला गेले. ते घरी नव्हते. सासूबाई पडवीत काजू सोलत बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. मला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं.

"मीच सांगितलं त्याला, जाऊ नगंस म्हनून," त्या म्हणाल्या. "तुला त्यानं काय केलं सांग की. मारलं? दारू पिऊन आला?"

"न्हाय, आत्याबाई."

"मग?"

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "चार वर्षांत त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. काही हवं असलं की खोकायचे."

चिकानं काळी पडलेली बोटं त्या पदराला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याचा बा पन तसाच हुता. मला वाटलं, माझ्यागत तुलाबी सवय हुईल." थोड्या वेळानं उठल्या, भाकरी थापली, मला पोटभर जेवू घातलं. कोर्टाचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या तारखेला ते आले आणि बरोबर आत्याबाईही आल्या. न्यायाधीशांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावून विचारलं, कुणाचा दबाव आहे का, पुन्हा एकत्र राहायचा प्रयत्न करणार का. आम्ही दोघांनी नाही म्हटलं. न्यायाधीशांचं लक्ष दारात उभ्या आत्याबाईंकडं गेलं.

"या कोण?"

"आई माझी," ते म्हणाले.

"तुम्हाला काही सांगायचंय का, आजी?"

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "मला काय इचारता साहेब? दोघंबी शानी हायती."

न्यायाधीशांनी हुकूम सांगितला. बाहेर येऊन आम्ही तिघांनी गाड्यावर चहा घेतला. आत्याबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या दोघांना कागलची गाडी मिळाली. मी पायीच घरी आले. वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसून रडले. दुःख झालं होतं असंही नाही, पण रडू आलं.

काही वर्षांनी आत्याबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापुरात यावं लागलं. उतरायला ओळखीचं घर नव्हतं, म्हणून त्यांनी मला फोन केला. मी आप्पांना घाबरत विचारलं. संध्याकाळी आप्पांनी माडीवरची खाट स्वतः खाली आणली. आत्याबाई दवाखान्यात होत्या तेवढे दिवस त्यांचा मुलगा, माझा पूर्वीचा नवरा, रोज आमच्याकडं डबा न्यायला यायचा. तोवर त्यानं दुसरं लग्न केलं होतं. आप्पा त्याला बसवून कारखान्याच्या गोष्टी विचारायचे.

शेजारच्या काकू एकदा दारातून आत डोकावल्या. "कोण आलंय हो एवढं?"

"पावणं हायत आमचं," आप्पा गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मला चहा टाकायला सांगितलं.