बोक्याची साखर

आमचा बोका आजारी आहे हे आधी कळलं ते त्याच्या पाणी पिण्यावरून. अंगणात पाण्यानं भरलेलं पत्र्याचं टिप असतं, त्याच्या कडेवर चढून तो मान खाली घालायचा आणि किती तरी वेळ लपलप पीत राहायचा. खाणं दुप्पट झालं होतं, तरी पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. मग त्याची चाल बिघडली. मागचे पाय पार घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून तो सशासारखा खुरडायला लागला. चऱ्होलीत आमच्या घराच्या चारी बाजूंनी इमारतींची कामं चालू आहेत, तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी स्लॅबवरून पडला असेल. टोपलीत घालून त्याला मोशीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला शांत. त्यांनी पाय दाबून पाहिले, रक्त घेतलं, लघवी तपासली आणि म्हणाल्या, "पडलेला नाही. याला डायबेटीस आहे. रोज दोन वेळा इन्सुलिन द्यावं लागेल. घरीच, तुम्हालाच."

घरी येऊन सांगितलं तर सासरे हसायलाच लागले. त्यांना आम्ही मामा म्हणतो. "मांजराला साखर? ती कशानं? ते काय जिलबी खातंय व्हय?"

खरं म्हणजे हसण्याचा हक्क मामांना नव्हता. त्यांना स्वतःला कितीतरी वर्षं साखर होती, इन्सुलिनही चालू होतं, पण ते सगळं अंदाजपंचे. लग्नकार्याला गेले की इंजेक्शन बुडायचं, गोडधोड खाल्लं की मनानंच थोडं वाढवून घ्यायचे. साखर मोजायचं मशीन माझ्या नवऱ्यानं हौसेनं आणलं होतं, ते डब्यातून कधी बाहेर निघालं नाही. "बोट टोचून काय कळतंय? माझं अंग मला कळतंय," एवढंच त्यांचं उत्तर. सासूबाई गेल्यावर त्यांना दटावणारं कुणी उरलं नव्हतं. आमच्या शेतजमिनीवर इमारत उभी राहिल्यापासून हाताला कामही नव्हतं. ओसरीवर बसून समोरच्या क्रेनकडे बघत राहायचे.

मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. केसाएवढा फरक मोजणं हे माझं रोजचं काम. पण पहिल्या सकाळी ती बारीक सुई मी दोनदा हातात घेऊन परत ओट्यावर ठेवली. डॉक्टरांनी दवाखान्यात शिकवलं होतं: आधी त्याला खायला द्यायचं, तो खाण्यात गुंतला की मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, खाली जो तंबू होतो त्यात सुई घालायची. मी डोळे बारीक करून टोचली. बोक्यानं बशीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही. त्याला उकडलेलं चिकन मिळालं होतं, बाकी जगाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. सुई बाहेर काढली तेव्हा घाम मलाच फुटला होता.

एक गोष्ट डॉक्टरांनी मला दोनदा बजावली होती. घरात आणखी कुणी इन्सुलिन घेतं का, असं त्यांनी विचारलं आणि मामांचं ऐकल्यावर म्हणाल्या, "मग सुया अजिबात एकत्र ठेवू नका. सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट असतात, याच्यात शंभर, आणि सुयांवरच्या रेघा त्याप्रमाणे वेगळ्या. त्यांच्या सुईनं याचं औषध भरलंत तर डोस अडीचपट होईल." मी घरी येऊन बोक्याचं सगळं सामान स्टीलच्या डब्यात घातलं आणि डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवला. डब्यावर मांजराचं चित्र काढून चिकटवलं. मामा म्हणाले, "ह्ये मांजार न्हाई, डुक्कर दिसतंय."

सुरुवात एका युनिटनं झाली. सुईवरची जेमतेम एक रेघ. त्यानं साखर उतरेना. मला वाटलं, दुसऱ्याच दिवशी वाढवावं. फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या, "घाई करू नका. शरीराला त्या डोसाची सवय होऊ द्या. आठवडाभर तोच ठेवा, मग अर्ध्या युनिटनं वाढवू. पण त्याआधी मला दुपारचा आकडा लागेल. औषध पूर्ण लागू पडल्यावर साखर सगळ्यात खाली कुठं जाते, ते बघितल्याशिवाय वाढवायचं नाही."

दुपारी घरी कोण? मी भोसरीत, नवरा चाकणला कंपनीत. मी मामांसमोर मशीन नेऊन ठेवलं.

"मामा, दुपारी बोक्याची साखर मोजायची आहे. घरी तुम्हीच असता."

"मी? पोरी, मी माझी कवा मोजली न्हाई."

"कानाच्या कडेला टोचायचं. कान आधी ऊन फडक्यानं शेकायचा, म्हणजे रक्त पटकन येतं."

त्यांनी मशीन उचलून उलटसुलट करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. आवाज जरा पडलेला.

"आधी माझ्या बोटाला लावून बघितलं. म्हटलं, मशीन बरोबर हाय का बघावं."

"मग?"

"बोक्यापरीस माझीच जास्ती हाय की गं."

मला हसू आलं. जे काम मुलाच्या रागावण्यानं झालं नव्हतं, त्यांच्या डॉक्टरांनी घातलेल्या भीतीनं झालं नव्हतं, ते एका पिवळ्या बोक्याच्या कानापायी झालं. त्या दिवसापासून दुपारचे फोन सुरू झाले. "आज बोका तीनशे दहा. मी दोनशे सत्तर." मी आकडे मोठ्यानं म्हणत लिहून घ्यायची. शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरनं एकदा विचारलं, "मॅडम, कांद्याचा भाव सांगतंय का कुणी?"

अर्ध्या अर्ध्या युनिटनं डोस दोनपर्यंत गेला. हळूहळू आकडे उतरले. टिपावरचं पाणी पिणं थांबलं, अंगावर मांस धरलं. आणि एका सकाळी तो जमिनीवरून थेट ओट्यावर उडी मारून दुधाच्या पातेल्याशी गेला. मी त्याला ओरडले खरी, पण ओरडताना डोळ्यांत पाणी होतं. मागचे पाय सरळ झाले होते.

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच एकदा दुपारी फोन भलत्याच वेळी वाजला.

"पोरी, बोका झिंगल्यावानी करतोय. चालताना आडवा पडला. हाक मारली तर बघंना."

मी पर्समधून स्कूटरची किल्ली काढली. "मोजली का?"

"चाळीसाच्या बी खाली हाय."

"मामा, मध..."

"हिरड्यांना लावतोय. बोटानं थोडा थोडा. तू निघ, पर गाडी नीट चालव."

दिघीच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून स्कूटर काढत मी घरी कशी पोचले मला आठवत नाही. दारात पाहिलं तर मामा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला बोका. मध बोक्याच्या तोंडाला, मामांच्या मिश्यांना, लेंग्याला, सगळीकडे. मनगटावर ओरखडे. बोक्यानं माझ्याकडे बघून बारीकसं म्याव केलं आणि मी पायरीवरच बसले.

"आता परत मोजली," मामा म्हणाले. "चढाय लागलीया. थोडं चिकन बी खाल्लं." मग हळू आवाजात म्हणाले, "मला एकदा शेतात आसंच झालं व्हतं. घाम, डोळ्यांपुढं अंधार. तुझ्या सासूनं तोंडात गुळाचा खडा कोंबला म्हणून वाचलो. मागनं तिनं मला लई बोलून घेतलं. मी कुणाला सांगितलं न्हाई." त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल एवढं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रिक्षा करून आम्ही दोघं बोक्याला घेऊन दवाखान्यात गेलो. मला वाटत होतं, आता काय ऐकावं लागतंय. डॉक्टरांनी त्याला तपासलं, सगळे आकडे शांतपणे वाचले आणि चक्क हसल्या. "घाबरलात ना? पण ही बातमी चांगली आहे. त्याचं स्वतःचं इन्सुलिन परत तयार व्हायला लागलंय, म्हणून बाहेरचं जास्त झालं. मांजरांत असं होतं कधी कधी. आता उलटं जायचं. डोस कमी करत करत बघू."

तिथंच मी रडले. मामा खिडकीबाहेर बघत बसले. निघताना दारात थबकून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, माझं बी आसं बंद व्हईल का?"

"मामा, मी जनावरांची डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण तुमचं बंद होईल असं मला वाटत नाही. तुम्ही नेमानं घेत राहा, एवढंच सांगेन."

"आता घेतोय की," मामा म्हणाले, लहान मुलानं शाळेत म्हणावं तसं.

दोनाचा एक झाला, एकाचा अर्धा, आणि मग एका सोमवारी सुई भरायचीच नाही असं ठरलं. मी सवयीनं डबा उघडून उभी होते. बोका चिकन खाऊन निघून गेला. त्यानंतर आजतागायत त्याला इन्सुलिन लागलेलं नाही. पुन्हा लागूही शकतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, म्हणून दर रविवारी कान शेकून मोजतो. मामांची मात्र रोज मोजली जाते. नवऱ्याला हल्ली तिसरी, म्हणजे रात्रीची पाळी असते; सकाळी घरी आला की झोपण्याआधी तो त्यांच्यासमोर बसतो. बापलेक पूर्वी एवढा वेळ समोरासमोर कधी बसत नव्हते.

देवापुढं हात जोडते तेव्हा मी हल्ली मागत काही नाही. त्या डॉक्टरांची आठवण काढते, मामांच्या ओरखडलेल्या मनगटाची काढते, आणि ज्या कुणी हे औषध शोधलं त्या माणसाचीही, नाव माहीत नसताना.

परवा डॉक्टरांनी पिंपरीच्या एका बाईंना आमच्याकडे पाठवलं. त्यांच्या मांजरीला नुकतंच इन्सुलिन सुरू झालंय आणि सुई हातात घेतली की त्यांना रडू येतं. मामांनी मांजरीला मांडीवर घेतलं, कान दोन बोटांत धरून उजेडाकडे केला आणि बारीक शीर दाखवली.

"घाबरू नका ताई," ते म्हणाले. "तिला एवढं दुखत न्हाई. आपल्यालाच दुखतं. द्या हात इकडं."

मी आत फडकं ऊन करायला गेले.