खंड्याची भिशी

कोल्हापुरात चार महिने म्हैस सांभाळायला माणूस मिळतो, कुत्रं सांभाळायला मिळत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, स्कूटर फिरवून फिरवून सिद्ध केलेलं आहे.

झालं असं, की मस्कतला आमच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि तिनं आम्हा दोघांनाही बोलावलं. (म्हणजे आईला बोलावलं आणि ‘बाबांना एकटं ठेवून तू इकडं निवांत राहशील का?’ असं विचारलं. आमंत्रण ते आमंत्रणच!) मुक्काम चार महिन्यांचा. पेपर बंद करता येतो, दूध बंद करता येतं, कुंड्यांना शेजारी पाणी घालतात. राहिला खंड्या.

खंड्या हा आमचा कुत्रा. जात गावठी, रंग गुळाचा, एक कान उभा आणि दुसरा पडलेला. तो फक्त माझंच ऐकतो असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर तो कुणाचंच ऐकत नाही. पण माझं न ऐकताना निदान माझ्याकडे बघतो. माझ्याशिवाय ह्या मुक्या जिवाचं कसं व्हायचं, ह्या काळजीनं मला रात्रीचं जेवण जाईना. (नाश्ता जात होता.)

पहिला फोन गडहिंग्लजच्या भाच्याला केला. त्याचा ऊस आहे, मोकळं रान आहे. तो एका पायावर तयार झाला आणि खंड्या रानडुकरं हाकलतो का, एवढंच त्यानं विचारलं. पाल दिसली की पलंगाखाली जाणाऱ्या कुत्र्याबद्दल मामानं काय सांगावं? फोनची रेंजच गेली. (मी घालवली.)

मग हायवेजवळचं एक कुत्र्यांचं वसतिगृह बघायला आम्ही तिघं स्कूटरवरून गेलो. मालकानं आधी खंड्याला एसीची सवय आहे का ते विचारलं. त्यावर सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “मला अजून लागली न्हाय ती सवय, त्याला कशाला लावताय?” आत सगळी परदेशी कुत्री भांग पाडून बसलेली. खंड्यानं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि स्कूटरच्या पुढच्या जागेत असं अंग घातलं, की त्याला उपसायला गेलेला मी स्कूटरसकट आडवा झालो. वसतिगृहाच्या मालकानं मला पाणी दिलं आणि खंड्यासाठी जागा शिल्लक नसल्याचं सांगितलं.

तिकिटं काढून झाली होती, दिवस भरत आले होते आणि खंड्याचा पत्ता नक्की होत नव्हता. मी तर ‘तू जा, मी राहतो’ असं सुनंदाला सांगूनही टाकलं. ती इतक्या पटकन ‘बरं’ म्हणाली, की मी ते लगेच मागं घेतलं.

शेवटी प्रश्न सुटला तो गल्लीतल्या बायकांच्या भिशीत. सुनंदा धरून नऊ जणींची ही भिशी. महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम न्यायची आणि वर भेळ. प्रमुख आमच्या शकूताई. त्यांचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे आणि दिवसभर त्या यंत्राच्या वरच्या पट्टीत बोलायची सवय असल्यामुळे त्यांचं साधं ‘चहा घ्या’सुद्धा दम दिल्यासारखं ऐकू येतं. सुनंदानं अडचण सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यात काय एवढं? भिशी लावू की त्येची! आठ घरं, पंधरा-पंधरा दिवस. चिठ्ठी निघंल तसं न्यायचं.”

कुत्रा ही काय वाटून घ्यायची वस्तू आहे का, असं मी दारातून विचारलं. कुणी ऐकलं नाही. तोवर आठवड्यानं चिठ्ठ्या टाकायचं ठरूनही गेलं होतं.

त्या दिवशी पुन्हा भेळ झाली, चिठ्ठी कुणी उचलायची हा प्रश्न निघाला, तेव्हा ज्याचं नशीब त्यानंच उचलावं असं ठरलं. आठ घड्या सतरंजीवर मांडल्या आणि खंड्याला सोडला. सगळ्या श्वास रोखून बघत होत्या. त्यानं एकेक चिठ्ठी वासानं तपासली, एक तोंडात धरली आणि गिळली! (भेळेच्या हातांनी घड्या घातल्या होत्या, त्याला तो तरी काय करणार?) उरलेल्या सात उघडून बघितल्या, तर नसीमभाभींचं नाव कुठंच नव्हतं. म्हणजे पहिला नंबर त्यांचा, आणि तो खंड्याच्या पोटात.

नसीमभाभींचं गाद्यांचं दुकान आहे. घरात नमाजाची जागा, तेव्हा कुत्रं घरात नको, पण दुकानात चालेल, असं त्यांनी आधीच मोकळेपणानं सांगितलं होतं. दुकानात त्यांचे सासरे, अब्बा, दिवसभर बसून असतात. हात थरथरायला लागल्यापासून त्यांच्याकडून काम होत नाही. खंड्या येणार हे कळल्यापासून ते रोज ‘कधी येतंय?’ म्हणून विचारत होते.

पण शकूताईंनी निकाल दिला, “पोटात गेल्याली चिठ्ठी धरता यायची न्हाय. नसीमचा नंबर शेवटाला.”

“चालंल की,” नसीमभाभी म्हणाल्या. “शेवटाला का हुईना, पर मिळाया पायजे. अब्बास्नी शब्द दिलाय मी.”

अशा रीतीनं आम्ही मस्कतला गेलो. नातू झाला, छान झाला. त्याला सुनंदा बघत होती, लेक बघत होती, जावई बघत होते. मी फोनमध्ये खंड्याला बघत होतो. आज कुणाकडे आहे, कुठं झोपला, काय खाल्लं, मला काही केल्या चैन पडेना. दिवसाला तीन व्हिडिओ कॉल. एका घरी त्याच्या कपाळाला कुंकू दिसलं. दुसरीकडे तो बाळाचं झबलं घालून बसलेला. तिसऱ्या घरी तो सासू-सुनेच्या बरोबर मध्ये बसून मालिका बघत होता आणि दोघी आपापलं म्हणणं त्याला सांगत होत्या. एकीनं त्याचं नाव बदलून पिंट्या केलं होतं, आणि हरामखोर त्या नावाला ओ देत होता!

मी सूचना द्यायचो. दही देऊ नका, रश्श्यातलं हाड देऊ नका, झोपताना त्याच्याशी दोन शब्द बोला. हळूहळू असं व्हायला लागलं, की मी सूचना सुरू केल्या की पलीकडे फोन भिंतीला टेकवून सगळे जेवायला जायचे आणि मला पंखा दिसत राहायचा. पण त्यातून एक झालं. वीस वर्षं ज्या गल्लीत काढली, त्या गल्लीतली घरं आतून मी पहिल्यांदा मस्कतमधून पाहिली. कुणाकडे अजून जातं आहे, कुणाचे यजमान भाकरी थापतात, कुणाकडे कॅरमवर भांडणं होतात, हे मला तिकडं समजलं. एवढा जवळ राहून मी इतक्या वर्षांत कधी डोकावलो नव्हतो, ह्याचं मला आश्चर्य वाटलं आणि थोडं वाईटही.

मुदत संपायच्या आधीच मस्कतला विहीणबाई आल्या आणि आमचा मुक्काम आटोपला. मला मनातून आनंदच झाला. घरी येताच पेटी न उघडता मी खंड्याला आणायला कांडपावर गेलो. खंड्या आदल्याच दिवशी नसीमभाभींच्या दुकानात गेल्याचं शकूताईंनी सांगितलं.

“मग मी आणतो त्याला,” मी म्हणालो.

“भावजी, भिशी मधनं मोडत न्हाय.”

मी म्हणालो, “अहो, कुत्रा माझा आहे.”

“कुत्रं तुमचं, भिशी आमची,” शकूताई म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

मी शिंकत शिंकत बाहेर पडलो आणि रागानं थेट दुकान गाठलं. मला बघताच खंड्या धावत आला. अंगावर उड्या मारल्या, हात चाटले, दोन गिरक्या घेतल्या. माझा ऊर भरून आला. मग तो वळला आणि जाऊन अब्बांच्या पायाशी बसला.

तिथं एक छोटी गादी होती, लाल कापडाची. टाके सगळे वेडेवाकडे होते. तशा टाक्यांचा माल त्या दुकानातून कधी बाहेर पडला नसेल. ती कुणी शिवली हे मला विचारावं लागलं नाही. “नंबर शेवटाला गेला ते बरंच झालं,” अब्बा म्हणाले. “पुरी व्हायला तेवढं दिस लागलंच.” मग त्यांनी खंड्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि दुसरं टोक माझ्याकडे धरलं. “न्या. धनी आल्यावर कसली आलीया भिशी?”

ते टोक मला हातात घेता आलं नाही. मी म्हणालो, “अब्बा, नंबर तुमचा आहे.” त्यांनी पट्टा परत सोडवला. खंड्या गादीवर आडवा झाला. त्या क्षणी मला त्याचा फार हेवा वाटला.

उरलेले दिवस मी रोज सकाळी दुकानात जाऊन बसायला लागलो. खंड्याला बघायला म्हणून जायचो, पण नुसतं बसवत नाही हा माझा स्वभाव. कापूस कसा पिंजावा, गादीत किती भरावा, टाका कुठून घ्यावा, हे मी अब्बांना समजावून सांगू लागलो. (त्यांचा धंदा तीन पिढ्यांचा, माझा अनुभव चार दिवसांचा.) ते शांतपणे ऐकायचे. पुढं पुढं मी आलो की त्यांचा डोळा लागायला लागला. मुदत भरल्यावर खंड्या घरी आला, गादीसकट, आणि ह्या गोष्टीचा शेवट गोड झाला असं मला वाटलं.

पण मागच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. तिची रजा संपली आहे, नातवाला सांभाळायला आईला पाठवा म्हणाली. आईला. एवढंच. मी विषय दोन-तीनदा काढून बघितला, तिकडं दर वेळी फोनची रेंज गेली.

सुनंदानं भिशीत प्रश्न मांडला, की ह्या खेपेला ती एकटीच जाणार, घरी खंड्या आणि हे. तेव्हा खंड्यासारखीच ह्यांच्याही जेवणाखाण्याची पाळी लावता येईल का? आठ घरं, पंधरा-पंधरा दिवस. मी आतल्या खोलीत दाराला कान लावून उभा होतो. कुठल्या घरी भाकरी चांगली होते हे मला आता माहीत होतं, आणि नंबर कुणाचा लागतो ह्याची उत्सुकताही होती.

बाहेरून भेळ चावल्याचा आवाज तेवढा येत होता.

“खंड्याला लावून द्या, वैनी,” शेवटी शकूताई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलल्या. “त्येला आमी कवाबी ठिवून घिऊ. भावजीस्नी मातर... त्येंच्या त्येंच्या घरातच ऱ्हाऊ द्या.”

सातही जणींनी खंड्याला एकमतानं मान्यता दिली. नसीमभाभींना मात्र माझी दया आली असावी. दुकानात जागा आहे, एकदा अब्बांना विचारून बघते म्हणाल्या.

अब्बांचा निरोप काल आला. खंड्याला आजच पाठवा, आणि माझ्याबद्दल विचार करून सांगतो म्हणालेत.