डाव्या बाजूची वाटी

इंदिरानगरच्या ज्या बंगल्यात मी स्वयंपाक करते, तिथं फुटबॉलचा संघ राहतो. पगारावर खेळणारी माणसं आहेत. मे संपला की सगळे दीड महिना घरी जातात. मला वाटायचं, सुट्टीत आराम करून येत असतील. पण ते काही ना काही मोडून घेऊनच येतात. यंदा एक मोटरसायकलवरून पडून आला. एकजण गावच्या क्रिकेटमध्ये बोट मोडून आला. पायानं खेळायच्या खेळात बोटाचं एवढं काय, हे मला कळेना. वाढता वाढता कोचना हळूच विचारलं.

त्यांनी कपाळावर हात मारला. "मावशी, गोलकीपर हाय तो! त्याला दहाच्या दहा लागतात."

सगळे हसले. मी आत पळाले, पण कुतूहल काही जाईना.

कोच कोल्हापूरकडचे. जेवणं झाली की टेबलावर अकरा वाट्या मांडून बघत बसतात. एक वाटी म्हणजे एक खेळाडू. मोटरसायकलवाल्याची वाटी उचलली तेव्हा मला वाटलं, तिथं दुसरी ठेवली की झालं. पण त्यांनी एकीपायी चार वाट्या हलवल्या. मी घोटीकडची, भाताच्या आवणीत, रोपं लावण्यात वाढलेली. ओळीतली एक बाई उठून गेली की शेजारच्या दोघींना हात लांब करावा लागतो, मग त्यांच्या शेजारणींना, आणि बघता बघता सगळी ओळ तिरकी होते. तसंच असेल, असं मनाशी धरलं. तेव्हापासून कोच वाट्या घेऊन बसले की मी खरकटी भांडी सावकाश उचलायला लागले.

डावीकडची एक वाटी मात्र ते कधी हलवायचे नाहीत. "ही पक्की. हिच्या भरवशावर बाकीचं चाललंय."

ती वाटी सुरगाण्याच्या खेळाडूची. तो टेबलावर जेवत नाही. स्वयंपाकघरात खाली मांडी घालून नागलीची भाकरी खातो. यंदा आल्यापासून मात्र ओट्याला टेकून उभ्यानंच खात होता. पहिल्या दिवशी वाटलं, घाईत असेल. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाट मांडला. त्यानं पाटाकडं बघितलं आणि ताट ओट्यावर ठेवलं.

"गुडघा का रे?"

"घरी आवणीला गेलो ना, मावशी. चिखलात पाय रुतला. मी वळलो, पाय नाय वळला."

"कुणाला दाखवलास?"

"सरळ पळता येतं. वळताना कळ येती नुसती. फिजिओ मॅडम सोमवारी यायच्यात. शनिवारचा सराव सामना खेळलो का नव्या करारावर सही. तवर तुम्ही गप ऱ्हा."

"आणि सामन्यात वळावं लागलं तर?"

"नाय वळणार," म्हणून हसला.

नव्वद मिनिटं न वळता कसं खेळतात, हे माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या थोरल्या जावेनं असाच दुखरा गुडघा रेटत एक लग्नसराई काढली होती. आता तिला जिना चढवत नाही. पण ती काही गुडघ्यावर पोट भरत नव्हती. याची सही गेली तर मी कोण त्याला दुसरी देणारी?

शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर कोचनी पुन्हा वाट्या मांडल्या. गोलकीपर बदलला, मधले दोघे मागं घेतले, आणि सगळी मांडणी त्या डाव्या वाटीपासून केली. "उद्या सगळा खेळ डावीकडनं," म्हणाले. मी ताकाचा जग घेऊन उभी होते. तोंडातून निघून गेलं, "तो मांडी घालत नाही."

"कोण?"

मी वाटीला बोट लावलं.

"कवापासनं?"

"आल्यापासून."

ते उठले आणि जिन्याशी जाऊन त्याला हाक मारली. वाट्या तशाच राहिल्या.

मॅडमनी सोमवारी तपासणी करून आणली. गुडघ्यातली शीर फाटली होती, पण थोडी. शनिवारी खेळला असता तर पुरती गेली असती, म्हणाल्या. सही झाली, पण करार दिवाळीनंतर सुरू होणारा. तोवर त्याची जागा मधल्या फळीतल्या एकाला दिली.

तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन एवढंच म्हणाला, "तुम्हाला काय पडलं व्हतं, मावशी?" त्यानंतर तो टेबलावर जेवायला लागला.

पहिल्या सामन्याला मी मैदानावर गेले. इतकी वर्षं रांधलं, पण खेळ कधी बघितला नव्हता. तो पायऱ्यांवर गुडघ्याला पट्टा बांधून बसला होता. मी दोन पायऱ्या वर बसले. शेवटी राहवेना.

"तो मधला सारखा डावीकडं का पळतोय?"

मागं न बघता तो म्हणाला, "तिथं मी नाय म्हणून." थोड्या वेळानं, "आता बघा. तो डावीकडं गेला का त्याच्यामागं जागा मोकळी. तिथनंच आपल्यावर गोल बसणार."

बसला. सगळे ओरडले, कोचनी डोक्याला हात लावला.

मी विचारलं, "मग ती जागा कुणी भरायची?"

तो चिडून मागं वळला, माझ्याकडं बघितलं आणि बोटानं एकेक माणूस दाखवत सांगायला लागला.